मशीन मोजता, सिस्टर कोण मोजणार?

डायलिसिस सेंटरचं उद्घाटन झालं की मशीन किती आली ते बातमीत येतं. सिस्टर किती, हे कुणी विचारत नाही. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. चांगलंच झालं. पण मशीन रक्त गाळतं, माणूस सांभाळत नाही हो!

वडिलांसोबत आठवड्यातून दोनदा, दर वेळी ४ तास बसतो, म्हणून सांगतो. आधी वजन, बीपी. फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का ते बघायचं, मग सुई. मध्येच बीपी धाडकन उतरतं, पायात गोळे येतात, तेव्हा धावून येते ती सिस्टरच. फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, हेही तिनेच शिकवलं. पण एकटी किती खाटांकडे बघणार ती?

मागणी साधी आहे. प्रत्येक सेंटरच्या दारावर फलक लावा: या पाळीत मशीन किती, प्रशिक्षित सिस्टर किती. आमदारसाहेब, फीत जरूर कापा. पण सिस्टरच्या कायम भरतीची जाहिरातही काढायला लावा.