घरच्या घरी केस कापताना

रविवारची सकाळ. मुलाचे केस वाढलेले, दुकानात गर्दी आणि घरात कात्री तयार. वडील म्हणतात, ‘‘बस इथे, पाच मिनिटांत करतो.’’ गळ्याभोवती टॉवेल बांधला जातो, कात्री चालू लागते. डावी बाजू जरा जास्त कापली जाते म्हणून उजवी तिच्या बरोबरीने कापली जाते. मग उजवी कमी झाल्यासारखी वाटते म्हणून पुन्हा डावी. पाच मिनिटांचा तास होतो, मुलाच्या डोळ्यांत पाणी येते आणि सोमवारी शाळेत जायचे या विचाराने त्याला रात्री झोप लागत नाही. दोष कात्रीचा नसतो आणि वडिलांच्या मायेचाही नसतो. घाई आणि अपुरी माहिती यांचा हा परिणाम असतो.

2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि देशभरातली केशकर्तनालये बंद झाली. महाराष्ट्रात ती 28 जूनपासून पुन्हा उघडू लागली, तीही सुरुवातीला केस कापण्यासारख्या मोजक्याच सेवांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. त्या तीन महिन्यांत अनेक घरांत पहिल्यांदाच केस कापायचे मशीन आले आणि पुढे तिथेच राहिले. आज कुठे बचत म्हणून, कुठे वेळ वाचतो म्हणून, तर कुठे घरातले वडीलधारे दुकानापर्यंत जाऊ शकत नाहीत म्हणून घरीच केस कापले जातात. हे काम अवघड नाही. मात्र काही चुका हमखास होतात. त्या आधीच ठाऊक असल्या तर टाळता येतात.

केसांची वाढ महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर असते. म्हणजे एका क्षणात तीन सेंटिमीटर जास्त कापले गेले तर ते भरून यायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणूनच पहिला नियम असा की, मनात असेल त्यापेक्षा नेहमी थोडे कमी कापावे. उरलेले नंतर कापता येते. कापलेले परत जोडता येत नाही.

साधने कोणती हवीत?

कागद, भाजी किंवा कापड कापायची घरातली कात्री केसांसाठी वापरू नये. ती केस कापण्याऐवजी मुडपते, त्यामुळे केस ओढला जातो आणि कडा वेड्यावाकड्या होतात. केस कापायची स्वतंत्र, पातळ पात्याची धारदार कात्री घ्यावी आणि ती दुसऱ्या कशालाही लावू नये. लहान मुलांसाठी टोके बोथट असलेली कात्री बरी. याशिवाय बारीक आणि रुंद दातांचा कंगवा, पाण्याची फवारणी करायची बाटली, दोन-चार चिमटे, सुती चादर आणि दोन आरसे एवढे पुरे. दुसरा आरसा डोक्यामागे धरला की ज्याचे केस कापले जात आहेत त्यालाही मागची बाजू दिसते आणि तो वेळीच ‘‘बस’’ म्हणू शकतो.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसावे. ट्यूबलाइटखाली डोक्यावर सावली पडते आणि कमी-जास्त लक्षात येत नाही. खुर्ची अशी असावी की कापणाऱ्याला वाकावे लागणार नाही. पाठ दुखू लागली की हात घाई करतो.

आधी बघावे, मग कापावे

केस धुऊन, पूर्ण वाळवून एकदा नीट बघावेत. टाळूवरचा भोवरा कुठे आहे, केस कोणत्या दिशेने वळतात, कुठे विरळ आहेत, हे पाहिल्याशिवाय कात्री उचलू नये. भोवऱ्यावरचे केस फार आखूड केले की ते ताठ उभे राहतात आणि तेलपाण्याने कितीही चापून बसवले तरी बसत नाहीत. तेवढा भाग आजूबाजूच्या केसांपेक्षा जरा लांब ठेवावा. काहींना पुढे कपाळाजवळही भोवरा असतो, तिथेही हेच करावे.

समोरचे केस विरळ होत चाललेल्या पुरुषांना उरलेले केस लांब ठेवून टक्कल झाकावेसे वाटते. प्रत्यक्षात लांब, विरळ केसांतून टाळू अधिकच दिसते. सगळीकडून आखूड कापलेले केस तुलनेने दाट दिसतात.

ओले की कोरडे?

ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कपाळावरची झुलपे ओली असताना भुवयांच्या रेषेत कापली तर वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर येतात. कुरळ्या केसांत तर हा फरक फार मोठा पडतो. म्हणून कात्रीने कापताना केस फक्त दमट असावेत आणि ठरवलेल्या मापापेक्षा किमान एक सेंटिमीटर लांब ठेवावेत. वाळल्यावर पुन्हा बघून उरलेले कापावेत. मशीन मात्र कोरड्या, तेल न लावलेल्या केसांवरच चालवावे. ओले किंवा तेलकट केस पात्यात चिकटतात आणि ओढले जातात.

मशीनवरचे आकडे

सर्वांत महागात पडणारी चूक मशीनच्या गार्डची, म्हणजे पात्यावर बसवायच्या प्लास्टिकच्या कंगव्याची असते. अनेक मशीनच्या गार्डवर 1, 2, 3, 4 असे आकडे असतात. त्यात 1 म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे 10 आणि 4 म्हणजे 13 मिलिमीटर. काही मशीनवर मात्र थेट मिलिमीटरच छापलेले असतात. तिथे 3 या आकड्याचा अर्थ 3 मिलिमीटरच, म्हणजे जवळपास तुळतुळीत. जुन्या मशीनच्या सवयीने नव्या मशीनवर 3 लावला की डोक्यावर पट्टा पडलाच म्हणून समजावे. मशीनसोबतची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय सुरुवात करू नये.

हवा असेल त्यापेक्षा एक-दोन आकडे मोठे गार्ड लावून आधी मागच्या बाजूला, खालच्या भागात चालवून पाहावे. गार्ड ‘टक्’ असा आवाज होऊन नीट बसले आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासावे. अर्धवट बसलेले गार्ड मध्येच निसटते. मशीन पूर्ण चार्ज केलेले असावे. अर्ध्यावर दमलेले मशीन केस कापत नाही, उपटते.

मशीन केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, सावकाश आणि गार्ड डोक्याला टेकवून न्यावे. कानाच्या वरच्या भागात डोके जिथे आत वळते, तिथे मशीन डोक्याबरोबर आत न वळवता अलगद बाहेर काढावे. नाहीतर बाजूचे केस आखूड आणि वरचे लांब यांच्यामध्ये ठळक रेष उमटते आणि डोक्यावर वाटी उपडी घातल्यासारखे दिसते. अशी रेष दिसलीच तर मधल्या आकड्याचे गार्ड लावून फक्त त्या रेषेवरून हलकेच फिरवावे.

कात्री धरताना

वरचे केस कात्रीने कापताना एकेक पातळ बट तर्जनी आणि मधल्या बोटात धरून सरळ वर उचलावी आणि बोटांबाहेरचा भाग कापावा. पुढची बट घेताना आधी कापलेल्या बटेतले चार केस सोबत घ्यावेत. तेच मापाचे काम करतात. मोठी बट एकदम धरली की मधले केस आखूड आणि कडेचे लांब राहतात.

कपाळावरच्या केसांत कात्री आडवी ठेवून एका फटक्यात कापू नये. कात्री जवळजवळ उभी धरून टोकाटोकाने थोडे थोडे कापले की कडा मऊ दिसते आणि लहानसहान चूक लपते.

कान, कल्ले आणि मान

कानाजवळ कापताना दुसऱ्या हाताने कान हळूच खाली दुमडून धरावा आणि कात्रीचे टोक नेहमी कानापासून दूर ठेवावे. कल्ले कानाच्या मापाने बरोबर करू नयेत. बहुतेकांचे दोन कान किंचित वर-खाली असतात. समोर उभे राहून, दोन्ही कल्ल्यांच्या खालच्या टोकांवर एकेक बोट ठेवून आरशात रेष जुळते का ते बघावे.

मानेवरची रेघ फार वर घेऊ नये. केस जिथे आपोआप संपतात त्याच्या वर कापले तर चार-पाच दिवसांतच तिथे खुंट उगवतात आणि मान अस्वच्छ दिसते. मूळ रेषेच्या खाली उगवलेले केस तेवढे काढावेत. मानेवर कोरडा वस्तरा फिरवू नये, त्याने पुरळ येते. ज्यांचे केस कुरळे आणि राठ आहेत त्यांच्या मानेवर तर केस कातडीत वळून गाठी होतात. त्यांच्यासाठी ट्रिमर बरा.

लहान मुलांच्या बाबतीत

मूल झोपेला आलेले किंवा भुकेलेले असताना केस कापायला बसवू नये. मशीनचा आवाज आधी दुरून ऐकवावा, बंद मशीन त्याच्या हातात द्यावे. धरून, दटावून कापलेल्या केसांची भीती पुढे कित्येक वर्षे राहते. मूल अर्ध्यावर रडू लागले तर थांबावे. एक बाजू दुसऱ्या दिवशी कापली म्हणून काही बिघडत नाही. हलत्या डोक्याशेजारी टोकदार कात्री मात्र फार बिघडवू शकते.

अंथरुणावरच्या आजोबांसाठी

घरी केस कापण्याची खरी गरज इथे असते. पक्षाघाताने किंवा वयाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे केस आणि दाढी वाढत जाते. घरातले औषध, जेवण, अंगपुसणे सगळे करतात. केसांचे मात्र ‘‘त्यांना आता कुठे जायचे आहे?’’ म्हणून राहून जाते. ज्याने आयुष्यभर दर महिन्याला न चुकता केस कापून घेतले त्याला आपला वाढलेला अवतार कळत असतो. तो बोलत नाही एवढेच.

कापण्यापूर्वी त्यांना विचारावे. बोलता येत नसले तरी सांगावे, ‘‘बाबा, आज केस कापू या.’’ पाठीला उशांचा आधार देऊन बसवावे. मानेला झटका देऊ नये, डोके जोराने वळवू नये. बसता येत नसेल तर एका कुशीवर वळवून अर्धे आणि मग दुसऱ्या कुशीवर उरलेले कापावेत. थकवा दिसला की थांबावे.

म्हातारपणी कातडी पातळ होते. मधुमेह असलेल्यांची जखम भरायला वेळ लागतो आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर छोट्या कापातूनही रक्त लवकर थांबत नाही. अशांना वस्तरा लावू नये. गार्ड लावलेले मशीन किंवा ट्रिमर वापरावा. रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सतत दाबून धरावे. तरीही थांबले नाही तर डॉक्टरांना कळवावे. विस्मृतीच्या रुग्णाला मशीनच्या आवाजाची भीती वाटू शकते. तिथे कात्रीच बरी.

काम झाल्यावर मान आणि पाठ ओल्या कापडाने पुसून चादर व कपडे बदलावेत. पाठीखाली राहिलेले बारीक केस टोचत राहतात आणि एकाच जागी पडून असलेल्या माणसाला ते हातानेही काढता येत नाहीत. शेवटी आरसा दाखवायला विसरू नये.

स्वच्छता विसरू नये

घरचीच माणसे म्हणून एकच वस्तरा किंवा ब्लेड सगळ्यांना वापरणे धोक्याचे आहे. कावीळ करणारा हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरू शकतो. प्रत्येकाचे ब्लेड वेगळे ठेवावे. दुकानातही वस्तऱ्यात नवे ब्लेड आपल्यासमोर घालायला सांगावे, त्यात संकोच करू नये. न्हाव्याकडून मालिश करून मान ‘कडकन’ मोडून घेण्याची हौसही सोडावी. मानेतल्या रक्तवाहिन्यांना त्याने इजा होऊ शकते.

कात्री आणि कंगवा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून 70 टक्के अल्कोहोलने पुसावा. मशीनच्या पात्यातले केस ब्रशने काढून तेही तसेच पुसावे आणि मग तेलाचे एक-दोन थेंब टाकावेत. डोक्यात नायटा, फोड किंवा उवा असतील तर आधी उपचार करावेत. ती साधने इतरांना वापरू नयेत.

चूक झालीच तर

लगेच दुरुस्त करायला जाऊ नये. कात्री खाली ठेवावी, केस धुऊन वाळवावेत आणि मग बघावे. बऱ्याचदा ओल्या केसांत दिसलेली चूक वाळल्यावर दिसतही नाही. एखादा खड्डा फारच पडला असेल तर सगळे केस त्याच्या मापाने कापण्यापेक्षा नेहमीच्या न्हाव्याकडे जावे. त्याला असे खड्डे नवे नसतात. अनेक गावांत बोलावल्यावर घरी येणारे न्हावीही आहेत. अंथरुणावरच्या रुग्णासाठी तर त्यांचा सरावलेला हात हा मोठाच आधार असतो.

आणि मुलाच्या केसांवर घरात कोणी हसू नये. दोन आठवड्यांत केस अर्धा सेंटिमीटर वाढतील. हसण्याची आठवण मात्र तेवढ्याने जाणार नाही.