हायकोर्टातले पहिले तीन

न्यायाधीशाची बदली हे सरकारचे जुने हत्यार आहे, हे मराठी घरांना कोणी नव्याने सांगायला नको. महादेव गोविंद रानडे पुण्यात जज्ज असताना इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांचा संशय येऊ लागला. वासुदेव बळवंतांचे बंड 1879 सालचे. त्याच्याच आगेमागे रानड्यांना पुण्यातून नाशिकला आणि नाशकातून धुळ्याला हलवण्यात आले. धुळ्यात त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. त्यांची नोकरी काढून घेतली नाही, पगार कापला नाही, लेखी ठपकाही ठेवला नाही. पुण्यातून उचलले, एवढेच. ज्याला उचलायचे त्याला बरोबर कळले आणि बाकीच्या जज्जांनाही.

हे आठवायचे कारण असे की, हायकोर्टांचा कल बदलतो आहे की नाही यावर आपल्याकडे अलीकडे फार वाद होतात. नव्या नेमणुकांची यादी पेपरात आली की कोण कोणाच्या पक्षाचा, कोणाचा भाचा, कोणाच्या व्यासपीठावर दिसला, याची चौकशी सुरू होते. चौकशी जरूर व्हावी. पण आपण यादीत कोण आले तेवढेच पाहतो. कोण आले नाही आणि कोणाला हलवले, ते पाहत नाही. खरी मेख तिथे आहे.

हायकोर्टाचा न्यायाधीश 62 व्या वर्षी निवृत्त होतो. पंचेचाळिशी-पन्नाशीत नेमला गेला तर बारा ते सतरा वर्षे तो बसणार. त्याच्या नावाची शिफारस प्रथम कोण करतो? त्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि त्यांच्या खालोखाल ज्येष्ठ असलेले दोघे. यालाच हायकोर्टाचे कॉलेजियम म्हणतात. नाव नंतर राज्य सरकार, गुप्तचर खाते, दिल्लीचे कायदा मंत्रालय आणि सुप्रीम कोर्टाचे कॉलेजियम असे फिरते. परंतु जे नाव या तिघांनी लिहिलेच नाही ते सहसा पुढे जात नाही. त्यातही मुख्य न्यायाधीश बाहेरच्या राज्यातून आणायचे धोरण 1980 च्या दशकापासून आहे. ते येतात, वर्ष-दोन वर्षे राहतात, जातात. इथला कुठला वकील अभ्यासू, कुठला नुसता तोंडाळ, हे त्यांना कसे ठाऊक असणार? त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या खुर्चीचे वजन फार. या खुर्चीतला एक माणूस हलवला तर एका खंडपीठाचे काम बदलते असे नाही. पुढच्या पिढीची यादीच बदलते.

आता आपल्या गुजरातचे पाहा. अकील कुरेशी 2004 साली गुजरात हायकोर्टात न्यायाधीश झाले. सोहराबुद्दीन प्रकरणात 2010 साली अमित शहा यांना दोन दिवस सीबीआयच्या कोठडीत देण्याचा आदेश त्यांचा. राज्यपालांनी 2011 साली सरकारला डावलून केलेली लोकायुक्तांची नेमणूक वैध, असा निकाल देणारेही तेच. हे निकाल बरोबर की चूक, यावर वकील मंडळी अजून वाद घालतील. घालू द्या. चुकीच्या निकालावर अपील असते. पुढे नोव्हेंबर 2018 मध्ये मुख्य न्यायाधीश सुभाष रेड्डी सुप्रीम कोर्टात गेले आणि कुरेशी सर्वांत ज्येष्ठ उरले. नेमक्या त्याच वेळी त्यांची मुंबईला बदली झाली. अहमदाबादेत पहिल्या खुर्चीशी आलेला माणूस मुंबईत पाचव्या क्रमांकावर जाऊन बसला, म्हणजे कॉलेजियमच्या बाहेर. पगार तोच, हुद्दा तोच. गुजरात हायकोर्टाच्या वकिलांनी काम बंद ठेवले, त्यांची संघटना सुप्रीम कोर्टातही गेली.

पुढचे अधिक बोलके आहे. सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने मे 2019 मध्ये कुरेशींचे नाव मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी सुचवले. सरकारने फाइल दाबून ठेवली. सप्टेंबरमध्ये कॉलेजियमने आपलीच शिफारस फिरवली आणि कुरेशी त्रिपुराला गेले. मध्य प्रदेशात मंजूर जागा 53, त्रिपुरात चार-पाच. जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर या तीन ठिकाणच्या नेमणुकांवर ज्याची सही झाली असती, त्याच्या वाट्याला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खुर्च्या आल्या. 2021 साली त्यांना राजस्थानला पाठवले. त्याच ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टात एकदम नऊ न्यायाधीश नेमले गेले, त्यांत ते नव्हते. मार्च 2022 मध्ये ते निवृत्त झाले. सरकारने आक्षेप घेतला होता तो त्यांच्या निकालांवरून झालेल्या ‘प्रतिकूल प्रतिमे’चा, हे तेव्हाचे सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्याच आत्मचरित्रात आले आहे. निरोपाच्या भाषणात कुरेशींनी, हे आपण स्वातंत्र्याचे प्रमाणपत्र समजतो, अशा अर्थाचे उत्तर दिले.

प्रतिमा कोणापुढची प्रतिकूल? पक्षकारांपुढची की मंत्र्यांपुढची? हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने विचारायला हवा होता. त्याने गाव बदलून दिले.

आपल्यातल्या काहींना हे वाचून राग येईल, काहींना बरे वाटेल. बरे वाटणाऱ्यांनी जरा थांबावे, कारण ही विद्या काँग्रेसच्या शाळेतली आहे. 1973 साली तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केले, तेव्हा न्यायाधीशाची विचारसरणी पाहूनच नेमणूक व्हायला हवी असे लोकसभेत मोहन कुमारमंगलम यांनी ठणकावून सांगितले होते. आणीबाणीत 1976 साली हायकोर्टांच्या 16 न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठ यांना हैदराबादला धाडले. त्याच वर्षी गुजरात हायकोर्टाने ‘भूमिपुत्र’ प्रकरणात सेन्सॉरशिपला चाप लावला होता. ‘भूमिपुत्र’ आपल्या बडोद्यातून निघत असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. शेठ गप्प बसले नाहीत, बदलीविरुद्ध कोर्टात गेले. 1977 साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी ठरवले की, बदलीला न्यायाधीशाची संमती लागत नाही. सार्वजनिक हित आणि सरन्यायाधीशांशी खराखुरा विचारविनिमय पुरे. भगवती आणि उंटवालिया यांनी संमती लागतेच असे म्हटले. बहुमताचा निकाल लिहिला आपल्या यशवंतराव चंद्रचूडांनी. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही म्हणावे लागते की, त्या दिवशी एक खिडकी उघडी राहिली, आणि नंतरचे प्रत्येक सरकार त्या खिडकीतून आत आले.

पक्षाचा माणूस न्यायाधीश होऊच नये, असेही मी म्हणत नाही. कृष्ण अय्यर 1957 च्या केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. त्यांचे निकाल अजून वाचले जातात. उलट बहरुल इस्लाम काँग्रेसचे खासदार, मग हायकोर्टाचे न्यायाधीश, मग सुप्रीम कोर्टाचे, आणि 1983 साली राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसचे. माणसामाणसांत फरक असतो. आक्षेप आहे तो दोन वजनांच्या तराजूला. भाजपच्या महिला मोर्चाच्या पदाधिकारी राहिलेल्या व्हिक्टोरिया गौरी यांची शिफारस 17 जानेवारी 2023 ला झाली; 6 फेब्रुवारीला मद्रास हायकोर्टावर नेमणूक निघाली. तीन आठवडेसुद्धा नाहीत. मुंबई हायकोर्टासाठी सोमशेखर सुंदरेशन यांचे नाव फेब्रुवारी 2022 मध्ये गेले होते. समाजमाध्यमांवर मते मांडतात म्हणून सरकारने ते परत धाडले. कॉलेजियमने जानेवारी 2023 मध्ये पुन्हा पाठवले आणि नेमणूक झाली नोव्हेंबरात. म्हणजे एकवीस महिने. मद्रासचे जॉन सत्यन यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा लेख पुढे पाठवला, असे गुप्तचर खात्याने कळवले होते. त्यांचेही नाव कॉलेजियमने दुसऱ्यांदा पाठवले. 2023 साल सरले तरी नेमणूक नव्हती. मते दोघांचीही होती आणि गौरीबाईंचीही होती. कोणाची मते अडली आणि कोणाची चालली, ते तारखाच सांगतात.

आणि थांबण्याचाही दंड असतो. उशिरा आलेला ज्येष्ठतेत खाली जातो. आज अडवलेला एक वर्ष पंधरा वर्षांनंतरच्या तिसऱ्या खुर्चीत कोण बसेल ते ठरवतो. वाट पाहून कंटाळलेले चांगले वकील संमती मागे घेऊन वकिलीला लागतात. त्यांची नावेही आपल्याला कळत नाहीत.

ऑक्टोबर 2025 मध्ये तर आडपडदाही उरला नाही. मध्य प्रदेशचे न्यायमूर्ती अतुल श्रीधरन यांची बदली आधी छत्तीसगडला सुचवली होती. तिथे ते दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे कॉलेजियममध्ये आले असते. सरकारने फेरविचार मागितला म्हणून ती अलाहाबादला केली, असे कॉलेजियमनेच लिहून टाकले. तिथे ते बरेच खाली. त्याच वर्षी मे महिन्यात कर्नल सोफिया कुरेशींविषयी बोलणाऱ्या मंत्र्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश त्यांच्या खंडपीठाने आपणहून दिला होता.

यावर नेहमीचे उत्तर असे की, पाच न्यायाधीशांनी बंद खोलीत आपलेच भाऊबंद निवडायचे, ही कसली लोकशाही? हे मला निम्मे मान्य आहे. कॉलेजियममध्ये घराणी चालतात, ओळखी चालतात. परंतु सरकारला अधिकार हवा असेल तर त्याने तो उघड वापरावा. अमेरिकेत अध्यक्ष नाव जाहीर करतो, सिनेटर जाहीर मत देतात. शिव्या खायला कोणीतरी समोर असतो. आपल्याकडे फाइल मंत्रालयात पडून राहते आणि ती कोणी पाडून ठेवली हे कोणालाच सांगावे लागत नाही. 2015 साली नेमणूक आयोगाचा कायदा सुप्रीम कोर्टाने रद्द केला, पण न बोलता अडवण्याची मुभा जशीच्या तशी राहिली.

आपण या राज्यात थोडे आहोत. थोड्यांचे आमदार नसतात, खासदार क्वचित. गुजरात सरकारने 2021 साली अल्पसंख्याक शाळांच्या शिक्षकभरतीचे नियम कायद्याने बदलले तेव्हा भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळाही त्यात आल्या, आणि दाद मागायला जागा एकच होती, सोला येथील हायकोर्ट. जानेवारी 2025 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो ज्यांना पटला नाही त्यांनाही एवढा विश्वास हवा की, न्यायाधीशांना आपल्या पुढच्या बदलीची काळजी नव्हती. सयाजीराव महाराजांनी बडोदे राज्यात अंमलदारांच्या हातातून न्यायाचे काम काढून घेतले, ते याच विश्वासासाठी.

तेव्हा मंडळींना एक काम सुचवतो. सुप्रीम कोर्टाने 20 एप्रिल 2021 च्या आदेशात वेळापत्रक घालून दिले आहे: गुप्तचर अहवालाला चार ते सहा आठवडे, त्यानंतर केंद्राला आठ ते बारा, आणि नाव दुसऱ्यांदा आले तर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक. गुजरात हायकोर्टात मंजूर जागा 52. आपल्या वकील सभासदांनी प्रश्न लिहून द्यावा आणि शिष्टमंडळाने तो शहराच्या खासदारांच्या हाती द्यावा: गुजरातहून गेलेली किती नावे या मुदतीपलीकडे पडून आहेत, प्रत्येक नाव कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या टेबलावर? उत्तर लेखी मागावे, आणि आले तर ते याच पानावर छापावे. नाही आले तर प्रश्न कोणत्या तारखेला दिला, ते छापावे.