अवघड इंग्रजी शब्द एकेकाळी इंग्रजांनाही अवघडच होते

१/ स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकताना आपल्यापैकी अनेकांना वाटते की हे शब्द इंग्रजांना उपजतच येतात, कष्ट फक्त आपल्याच वाट्याला. मराठी माध्यमातून आलेल्या माझीही तीच समजूत होती. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/ सोळाव्या शतकात इंग्लंडमधील विद्वानांनी लॅटिन व ग्रीकमधून शब्दांची मोठी उसनवारी केली. विरोधक त्यांना 'इंकहॉर्न' शब्द म्हणून हिणवत. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. हे शब्द माणसांच्या तोंडचे नव्हेत, दौतीतून कागदावर उतरलेले आहेत, असा त्यामागचा रोख होता.

३/ १५५३ मध्ये टॉमस विल्सनने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या भाषेची टर उडवणारे एक पत्रच दिले. त्यातील 'ऑब्टेस्टेट' (विनवणे) आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. पण 'सेलिब्रेट' आणि 'कपॅसिटी' हेही त्याच पत्रातले!

४/ १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने लंडनमध्ये 'अ टेबल अल्फाबेटिकल' प्रसिद्ध केले. इंग्रजीतील हा पहिला एकभाषिक कोश मानला जातो. त्यात सुमारे अडीच हजार अवघड शब्द व त्यांचे थोडक्यात अर्थ आहेत. तो कोणासाठी, हे शीर्षकपृष्ठावरच नमूद आहे: स्त्रिया आणि इतर अल्पशिक्षित वाचक. लॅटिन शिकवणाऱ्या शाळा प्रामुख्याने मुलांसाठीच होत्या.

५/ शब्द शोधायचा कसा, हेही कॉड्रीला समजावून द्यावे लागले: 'ए'ने सुरू होणारा आरंभी पाहा, 'व्ही'ने सुरू होणारा शेवटाकडे. शिवाय प्रस्तावनेत त्याने बजावले की असले शब्द मिरवण्यासाठी वापरू नका.

६/ म्हणून माझे मत असे: शब्दयादीचा जन्म ज्ञानाबाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी झाला. तिचाच आधार घेऊन कोणाची बुद्धी मोजणे, हा त्या हेतूचा विपर्यास आहे.

७/ पाठांतर टाळा, असे मी म्हणत नाही. शब्दाचे मूळही पाहा, इतकेच. लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगले, 'माले' म्हणजे वाईट. एवढे कळले की 'बेनेव्होलंट' (हितचिंतक) आणि 'मॅलेव्होलंट' (अहितचिंतक) एकदमच लक्षात राहतात. 'सुदैव' आणि 'दुर्दैव' सहज ओळखणाऱ्या आपल्याला ही रीत नवी नाही. आणि एखादा शब्द अडलाच, तर संकोच कसला? चारशे वर्षांपूर्वी तो लंडनच्या वाचकालाही अडला होता.