घरात दुसरी गाडी येतेय? मग इन्शुरन्सचं कोटेशन नीट वाचा

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांवर आधी 28 टक्के जीएसटी आणि वर सेस लागायचा, तो थेट 18 टक्क्यांवर आला. दहा दिवसांनी दसरा. मग काय, ज्यांच्या पार्किंगमध्ये आधीच एक गाडी उभी होती, तेही शोरूममध्ये दिसायला लागले.

त्यात आमचे बाबा पण होते. जुनी हॅचबॅक आठ वर्षांची, पण चालतेय मस्त. ती आईला ऑफिससाठी ठेवायची आणि नवी बुक करायची, असं ठरलं. कोटेशन हातात आल्यावर बाबांनी सहज विचारलं, "आमची दुसरी गाडी आहे, इन्शुरन्समध्ये काही कमी होईल का?" सेल्समन गोड हसला आणि म्हणाला, "काका, तसं काही नसतं."

तो अर्धा खरं बोलत होता.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये एकाच घरातल्या दोन-तीन गाड्या एका कंपनीकडे दिल्या की सवलत मिळते. आपल्याकडे तसं सरसकट होत नाही, कारण आपल्या पॉलिसीचे दोन तुकडे असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि त्यावर 7,897 रुपये. गाडी पहिली असो की चौथी, रोज 80 किलोमीटर पळो की महिन्यातून एकदा देवदर्शनाला जावो, हा आकडा तोच. शिवाय 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारसाठी थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. 1200 सीसीच्या गाडीला ते 10,640 रुपये होतात. त्यावर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबरच्या बदलात वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला, पण गाडीच्या विम्यावरचा तसाच राहिला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नाही.

इथे घासाघीस करून काही उपयोग नाही. पैसे वाचतात ते दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये. तुमच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड, चोरी, पूर, आग हे सगळं त्यात येतं. त्याचा दर कंपनी ठरवते, म्हणून चार ठिकाणी विचारायचं. शोरूमवाल्याकडूनच पॉलिसी घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही.

आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती, 'पीए कव्हर, ओनर ड्रायव्हर'. गाडीचा मालक स्वतः चालवत असताना अपघात झाला तर 15 लाखांचं संरक्षण देणारा हा भाग. गंमत म्हणजे तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. 1 जानेवारी 2019 पासून तो वेगळाही घेता येतो आणि एका मालकाला एकदाच पुरतो. बाबांच्या जुन्या गाडीच्या पॉलिसीत तो होताच, तरी नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये परत लावलेला. बाबांनी जुनी पॉलिसी मोबाईलवर दाखवली, ओळ निघाली. रक्कम काही शे रुपयांचीच, पण ती दोनदा का भरायची?

खरा पैसा नो क्लेम बोनसमध्ये आहे, आणि लोक सगळ्यात जास्त तिथेच गोंधळतात. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या हप्त्यावर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. हा बोनसही गाडीचा नाही, मालकाचा. पण एक बोनस दोन गाड्यांना लावता येत नाही. जुनी गाडी तुमच्याच नावावर राहिली तर बोनस तिच्यावरच राहतो आणि नवी शून्यापासून सुरू होते. जुनी विकली किंवा तिची मालकी बदलली, तरच तो बोनस नव्या गाडीकडे नेता येतो.

आता हिशोब बघा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. जुन्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता 6,000 आणि नव्या गाडीचा 20,000. बोनस जुनीवर राहिला तर 3,000 वाचतात. जुनी गाडी आईच्या नावावर केली आणि बाबांचा 50 टक्के बोनस नव्या गाडीला लावला, तर 10,000 वाचतात. आईची गाडी मग बोनसशिवाय सुरू होते आणि तिला स्वतःचं पीए कव्हर घ्यावं लागतं. नाव बदलायची आरटीओची फी वेगळी. सगळं धरूनही फरक चांगलाच उरतो. उलट, नवी गाडी हौसेने आईच्या नावावर घेतली असती तर बाबांचा बोनस तिथे चालला नसता.

फॉर्म भरताना नसलेला बोनस आहे म्हणून दाखवायचा सल्ला कुणी एजंट देत असेल, तर तिथून उठा. क्लेमच्या वेळी कंपनी तेच कारण पुढे करते.

आणखी एक पर्याय शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. जुलै 2022 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना 'जितकं चालवाल तितकं भरा' अशा पद्धतीची आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी फ्लोटर पॉलिसीची परवानगी दिली. कमी चालणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी पहिला प्रकार फायद्याचा ठरू शकतो. सवलत अर्थात ओन डॅमेजवरच.

हे सगळं कटकटीचं वाटलं की लोक सोपा मार्ग घेतात. "जुनी तर उभीच असते, तिचा इन्शुरन्स राहू दे." आमच्या सोसायटीत अशा किमान तीन गाड्या मला माहिती आहेत. 1200 सीसीच्या गाडीची थर्ड पार्टी जीएसटी धरून 4,031 रुपये होते, म्हणजे दिवसाला 11 रुपये. ते वाचवायला गेलात आणि गाडी नुसती सर्व्हिसिंगला नेताना पोलिसांनी पकडली, तर पहिल्यांदा 2,000 आणि परत सापडलात तर 4,000 रुपये दंड. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण दंड ही छोटी गोष्ट झाली. त्याच फेरीत कुणी गाडीखाली आलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाच्या खिशातून जाते. विमा असेल तर मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, तो भार कंपनी उचलते. त्यात पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की साठवलेला बोनसही जातो.

जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी ठेवावी का? गाडीची किंमतच फार उरली नसेल तर चालतं, असं माझं मत. पण पुण्यात 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा उभ्या गाड्याही बुडाल्या होत्या. थर्ड पार्टीत त्याचा एक रुपया मिळत नाही. आणि ओन डॅमेज असलं, तरी पाण्यातली गाडी स्टार्ट करून इंजिन बसलं तर इंजिन प्रोटेक्टचा जादा कव्हर लागतो.

आमच्याकडे शेवटी जुनी आईच्या नावावर करायचं ठरलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मालकी बदलायची, मग कंपनीकडून बोनसचं सर्टिफिकेट घ्यायचं, मग नव्याची पॉलिसी. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्या. फाईल घेऊन बाबा निघाले आणि तेव्हा कळलं की पीयूसी ऑगस्टमध्येच संपलीय. डिलिव्हरी एक आठवडा पुढे ढकललीय.