काचेतली पेशी आणि खापरखेड्याची बाई

अमुक झाडाच्या अर्काने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या, अशी बातमी अधूनमधून छापून येते. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये अशा चाचण्या होतात. संशोधनाला आमचा विरोध नाही. पण काचेच्या भांड्यातली पेशी साबणानेही मरते! टॅक्सॉल यू झाडाच्या सालीतूनच आले. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडले. तोवर बातमी वाचून गाठीवर पाला बांधायचा काय?

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याजणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ चा निष्कर्ष असा की, पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. ना अर्क, ना महागडे यंत्र.

केंद्राच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी लिहिलेली आहे. खापरखेड्यात वीज केंद्राच्या राखेत राबणाऱ्या आमच्या किती आयाबहिणींची ती झाली, हा आकडा गावात फळ्यावर लागलाच पाहिजे.