रक्तदाब : स्वभावाचा की परिस्थितीचा?

जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर जे धरण आहे, त्याचे गणित तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वरून येणारा लोंढा कोणाच्या हाती नसतो. दरवाजे केव्हा आणि किती उघडावयाचे, एवढेच माणसाच्या हाती असते. उच्च रक्तदाबाच्या चर्चेत मात्र आपण दरवाजांकडे, म्हणजे माणसाच्या स्वभावाकडे, बोट दाखवितो आणि लोंढा विसरतो. ‘माणूस तापट, त्याला बी.पी. असणारच’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत व कचेरीत सर्रास ऐकू येते. ते कितपत खरे आहे?

त्यात तथ्यांश निश्चित आहे. अपमान, घाई वा भीती यांच्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. हे प्रत्येकाचे होते. परंतु ज्याचा दाब मुळातच अधिक, त्याची उसळी सामान्यतः मोठी असते. मनात वैरभाव बाळगणाऱ्याला कोणी डिवचले, तर ती आणखी वाढते आणि राग घोळवीत बसणाऱ्याचा दाब उतरण्यासही विलंब लागतो.

तथापि स्वभावावर सारा भार टाकणे धोक्याचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन व रे रोझेनमन यांनी १९५९ मध्ये सदैव घाईत व ईर्ष्येत जगणाऱ्या माणसाचा ‘ए प्रकार’ मांडला. ती व्यापक कल्पना पुढे टिकली नाही. घाई नव्हे, तर वैरभाव हाच त्यातील घातक अंश असावा, असे मत पुढे आले. या संशोधनाच्या काही भागाला तंबाखू कंपन्यांचा पैसा मिळाला होता, हेही कालांतराने उघड झाले. दोष सिगारेटचा नसून स्वभावाचा, असे ठरले तर लाभ कोणाचा, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

त्याच तज्ज्ञांनी १९५८ मध्ये हिशेबनीसांची केलेली पाहणी अधिक बोलकी आहे. करभरण्याची मुदत जवळ आली की त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल चढे, मुदत टळली की उतरे. स्वभाव तोच होता. बदलली होती ती तारीख. लंडनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी नोकरांच्या पाहणीत तर हृदयरोगाने मरण्याचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट आढळले. जबाबदारी वरच्याची मोठी खरी. परंतु आपल्या कामावर ताबा नसणे हे खालच्याचे दुखणे अधिक जीवघेणे ठरते. मार्चअखेरचा हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला आणि वर्ग सोडून निवडणुकीच्या कामावर धाडल्या जाणाऱ्या शिक्षकाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग स्वभावाचे काहीच चालत नाही काय? चालते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांवर केलेला शवासनाचा प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेकांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. प्रयोग लहान होता. पण शांतता शिकता येते, हे त्याने दाखविले. मात्र ती औषधाला जोड होय, पर्याय नव्हे. मनाने गोळी बंद करणारा आपल्याच धरणाची भिंत पोखरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुषांना व २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. हे सारेच तापट खासच नसतील. शांत माणसाने ‘मला कसला बी.पी.’ म्हणून तपासणी टाळणे हा या गैरसमजाचा सर्वांत महाग परिणाम आहे. म्हणून प्रत्येकाने दाब मोजून घ्यावा, मीठ व तंबाखू आवरावी, राग ओळखावा. आणि ज्यांच्या हाती इतरांच्या कामाचे वेळापत्रक आहे, त्यांनी सहकाऱ्याच्या स्वभावावर शेरा मारण्यापूर्वी आपण वरून किती पाणी सोडतो, याचाही हिशेब ठेवावा.