पळालेल्या हॅरिएटची जाहिरात

अमेरिकेतली गुलामगिरी मुलांना अस्सल कागदपत्रांतून शिकवावी म्हटलं, की आक्षेप ठरलेला: हे कागद मालकांनी लिहिलेले, त्यांतून गुलामाचं आयुष्य कसं कळणार? आक्षेप निम्मा खरा आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या बघा. नाव मालकाचं, त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. गोठ्यातली जनावरं मोजावीत तशी माणसं.

पण साक्षीदार लबाड आहे म्हणून त्याला बोलवायचंच नाही, हा कुठला न्याय? त्याची उलटतपासणी घ्यावी.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनचा डॉ. जेम्स नॉरकॉम. १८३५ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली: माझी नोकराणी हॅरिएट पळाली आहे, पकडून देणाऱ्यास १०० डॉलर. वय २१. बोलणं सफाईदार, शिवणकामात तरबेज, कपडे झोकदार. बहुधा उत्तरेकडे निघाली असावी. आणि पळण्याचं कारण? काहीच नाही म्हणे! हा कागद वर्गात वाटावा आणि शिक्षकानं पाच मिनिटं तोंड उघडू नये. ‘नोकराणी’ काम सोडून गेली तर तिच्यावर इनाम कोण लावतं, हे एखादं पोर विचारतंच.

मग याच हॅरिएटचं, हॅरिएट जेकब्सचं, १८६१ चं आत्मचरित्र काढावं. कारण तिथे आहे: मालकाची वाईट नजर, वर्षानुवर्षांचा जाच. तिला अखेर आसरा मिळाला तो त्याच गावात, आजीच्या घराच्या माळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंचात उंच जागी तीन फूट. तिथे जवळजवळ सात वर्षं, गिरमिटानं पाडलेल्या भोकांतून आपली मुलं बघत.

पुस्तक टोपणनावानं निघालं आणि कित्येक अभ्यासकांनी ते कादंबरीत जमा केलं. संशोधक जीन फेगन येलिन यांनी पत्रं धुंडाळून ते खरं ठरवलं, तोवर १९८० चं दशक उजाडलं होतं. मालकाच्या जाहिरातीवर असा संशय कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

मुलं कोवळी असतात, मान्य. उतारे वय बघून निवडावेत. (वर्गात मुलांना गुलाम बनवून नाटकं मात्र करू नयेत.) पण विषय आपल्याला परका नाही: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपण एका गुणापुरती पाठ करतो. ते गुलाम कोण होते, हे विचारत नाही.

राहिला कागद खोटा असण्याचा प्रश्न. माळ्यावर बसून हॅरिएटनं नॉरकॉमला चकवायला पत्रं लिहिली, उत्तरेतून आल्यासारखी, आणि ओळखीच्यांकरवी तिथूनच टपालात टाकवली. आजीच्या नावचं पत्रही नॉरकॉमच्याच हाती पडलं. तो ते वाचून दाखवायला आजीच्या घरी आला, आणि मनचा मजकूर वाचून गेला. दाराआड हॅरिएट ऐकत होती.